सहलीला पेशंट येणार असेल तर? आधी पॉलिसी वाचा, मग ॲडव्हान्स घ्या

टूर्सचा धंदा सुरू करायचाय असं म्हणणारी वारणा खोऱ्यातली बरीच मुलं-मुली आपल्या चॅनेलशी जोडलेली आहेत. गाडी ठरवली, हॉटेल बघितलं, व्हॉट्सॲपवर बॅनर टाकला की झालं, असं सुरुवातीला वाटतं. पण गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "आमच्या पोराला फुप्फुसाचा जुना आजार आहे, न्याल का? आणि इन्शुरन्स मिळतो का?" या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता, त्यावर तुमचा धंदा किती वर्षं टिकणार हे ठरतं. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

उदाहरण मुद्दाम अवघड घेऊ. सिस्टिक फायब्रोसिस.

आजार काय आहे, एवढं तरी माहीत हवं

हा जन्मजात, आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच तो होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता. हे जनुक १९८९ मध्ये सापडलं. शरीरातला चिकट स्राव घट्ट होतो, त्यामुळे फुप्फुसात कफ साठून वारंवार जंतुसंसर्ग होतो, आणि स्वादुपिंडाचा पाचक रस आतड्यात नीट पोचत नाही. घामावाटे मीठही खूप जातं. हा आजार युरोपातल्या लोकांत जास्त दिसतो. आपल्याकडे तो नाहीच, असं बरीच वर्षं समजलं जायचं. तो आहे, फक्त निदान उशिरा होतं. आणि संसर्गजन्य अजिबात नाही. ग्रुपमधले बाकीचे लोक खोकला ऐकून कुजबुज करायला लागले, तर हे ठामपणे सांगायचं काम तुमचं.

आता हीच माहिती सहलीच्या भाषेत वाचा.

- रोज नेब्युलायझर आणि कफ काढायचा व्यायाम असतो. म्हणजे पहाटे ५ ला गाडी सोडायची असेल तर त्या घराला ३ ला उठावं लागेल. वेळापत्रक सैल ठेवा. खोलीत बेडजवळ चालू प्लग आहे का, लाईट गेली तर जनरेटर आहे का, हे हॉटेलला आधी विचारा.
- बहुतेकांना जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. जेवण कधी मिळणार हे नक्की सांगा. "पुढच्या धाब्यावर बघू" चालत नाही.
- काही औषधं फ्रिजमध्येच ठेवावी लागतात. गाडीत बर्फाचा डबा, हॉटेलात फ्रिज.
- आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला गेलात की दमट उकाडा. घामाने मीठ जातं. पाणी, ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ जवळ हवं.
- पन्हाळ्याची उंची त्रासाची नाही. पण लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, हवा विरळ. विमानाच्या केबिनमध्येही हवेचा दाब साधारण ८,००० फूट उंचीइतका कमी असू शकतो. अशा ठिकाणी फुप्फुसाच्या डॉक्टरांची लेखी परवानगी आल्याशिवाय बुकिंग घेऊ नका.

एखाद्याच्या डोक्यात लगेच आयडिया येईल, "मग अशा पेशंटसाठी स्पेशल ग्रुप टूर काढू, कॉम्पिटिशनच नाही!" थांबा. सिस्टिक फायब्रोसिसचे दोन पेशंट जवळ आले तर एकाच्या फुप्फुसातले चिवट जंतू दुसऱ्याला लागू शकतात. म्हणून डॉक्टर त्यांना एकमेकांपासून लांबच ठेवतात. म्हणजे इथे ग्रुप टूर बसत नाही, एका कुटुंबाची स्वतंत्र सहल बसते. आधी गिऱ्हाइकाची गरज समजून घ्यायची आणि मग प्रॉडक्ट ठरवायचं, असं आपण नेहमी म्हणतो ते याचसाठी.

आता इन्शुरन्स

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. चार गोष्टी वेगवेगळ्या करून समजून घ्या.

पहिली, रेल्वेच्या ई-तिकिटाबरोबर पैशांत मिळणारा विमा. त्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाखांपर्यंत भरपाई आहे, पण तो रेल्वे अपघाताचा विमा आहे. गाडीत दम लागून दवाखान्यात न्यावं लागलं, तर त्याचा उपयोग नाही. "इन्शुरन्स काढलाय" म्हणून गिऱ्हाइकाला निर्धास्त करू नका.

दुसरी, देशातल्या सहलीसाठी खरा आधार म्हणजे कुटुंबाची चालू असलेली आरोग्य पॉलिसी. २०२४ च्या नियमांनुसार पूर्वीपासूनच्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. आनुवंशिक आजार म्हणून सरसकट क्लेम नाकारणं भेदभावाचं आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं, आणि २०१९ च्या नियमावलीत विमा नियामकाने आरोग्य पॉलिसीतून आनुवंशिक आजार वगळायला मनाई केली. तेव्हा सहलीआधी तीन गोष्टी बघून घ्या: पॉलिसी चालू आहे का, थांबायचा काळ संपलाय का, आणि जिथे चाललोय तिथे जवळचं कॅशलेस हॉस्पिटल कोणतं.

तिसरी, परदेशी सहलीची ट्रॅव्हल पॉलिसी. वरचे नियम आरोग्य पॉलिसीचे आहेत, ते इथे जसेच्या तसे लागू होतील असं धरून चालू नका. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींत पूर्वीचा आजार वगळलेला असतो. काहींत फक्त जिवावर बेतलं तर, ठरावीक रकमेपर्यंतच खर्च मिळतो. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं. पण त्या कागदावर व्हिसा मिळाला म्हणजे आजारालाही संरक्षण मिळालं, असं होत नाही. कंपनीला ईमेल करून विचारा: "या आजाराचा त्रास प्रवासात वाढला तर खर्च द्याल का? किती? आजारामुळे सहल रद्द झाली तर?" उत्तर लेखी घ्या. फोनवरचं "होय सर" क्लेमच्या वेळी कुणाला आठवत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. "फॉर्मवर आजार लिहू नका, प्रीमियम वाढतो" हा सल्ला कधीही, कुणालाही देऊ नका. तुमचे दोन-तीन हजार वाचवायच्या नादात परदेशातल्या आयसीयूचं लाखोंचं बिल त्या कुटुंबाच्या गळ्यात पडेल. ऊस बिलावर पोराला फिरवायला निघालेलं घर त्यातून वर्षानुवर्षं सावरत नाही.

आणि हो, विमा विकायचा असेल तर परवाना लागतो. दहावी पास असाल तर १५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन 'पॉइंट ऑफ सेल्स पर्सन' होता येतं. तुमच्या व्यवसायाला जोडउत्पन्न होईल. पण कमिशनमधून गिऱ्हाइकाला सूट देऊ नका, विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार ते चालत नाही. परवाना नसेल तर गिऱ्हाइकाला परवानाधारक माणसाकडे पाठवा. क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. आपल्या भागासाठी ते कार्यालय पुण्यात आहे आणि तक्रारीला फी नाही.

विमान असेल तर

कोल्हापूर, पुणे, मुंबई, कुठूनही उडा. औषधं आणि नेब्युलायझर हातातल्या बॅगेत. सोबत डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात टाकायच्या नाहीत. ऑक्सिजन लागणार असेल तर एअरलाइनचा वैद्यकीय फॉर्म असतो, तो डॉक्टरांकडून भरून आधीच द्यावा लागतो. तिकीट काढतानाच चौकशी करा. काउंटरवर पोचल्यावर काही होत नसतं.

यात धंदा कुठे आहे?

ब्रिटनमध्ये पूर्वीचा आजार असलेल्या प्रवाशांसाठी खास विमा विकणाऱ्या कंपन्या आहेत. २०२१ पासून तिथे नियमही आहे. आजारामुळे एखाद्या कंपनीने नकार दिला किंवा प्रीमियम फार वाढवला, तर अशा खास कंपन्यांच्या यादीचा पत्ता ग्राहकाला द्यावा लागतो. ज्याला बाकीचे नको म्हणतात, त्या गिऱ्हाइकाची नीट माहिती ठेवणं हाही धंदाच आहे.

आपल्याकडे सिस्टिक फायब्रोसिसचं कुटुंब तुमच्याकडे क्वचितच येईल. पण दमा, शुगर, डायलिसिस, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली माणसं घरोघरी आहेत आणि त्यांनाही फिरायचं असतं. त्यांच्यासाठी एक पानाचा फॉर्म करा: आजार, औषधं, ती घ्यायच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, पॉलिसी नंबर, वाटेतली हॉस्पिटलं. ही माहिती खाजगी आहे, ग्रुपवर टाकायची नाही.

हिशोब उघडा ठेवा. समजा, फ्रिजची खोली आणि जादा थांबे यांचे २,००० रुपये वाढतात, तर ते वेगळे लिहून दाखवा. आजार बघून उगाच दर चढवू नका. तब्येत बिघडली तर तारीख बदलून मिळेल का आणि किती पैसे कापले जातील, हे ॲडव्हान्स घेण्याआधी पावतीवर लिहा. हॉटेलकडूनही तशीच अट लेखी घ्या, नाहीतर तो भार तुमच्या खिशावर येईल.

जे जमणार नाही, त्याला स्पष्ट नाही म्हणा. "काय होत नाही ओ, चला" असं म्हणून बुकिंग एकदाच मिळतं. "लेह नको, डॉक्टरांना विचारून महाबळेश्वर बघू" असं सांगणाऱ्याकडे तेच कुटुंब पुढच्या मे महिन्यात परत येतं, आणि येताना पाहुण्यांना घेऊन येतं.

या आठवड्याचं काम: तुमच्या घरातली एक पॉलिसी काढा, 'काय मिळणार नाही' हे पान पूर्ण वाचा आणि त्यातल्या पाच अटी सोप्या मराठीत वहीत लिहा. ते जमलं की तुमच्या सहलीचा फॉर्म करायला घ्या.