बोंबील, डोल आणि समुद्राचा प्रवाह

विलेपार्ल्याच्या मासळीबाजारात बोंबील ही नित्याची वस्तू आहे. पार्ल्याच्या पश्चिमेस जुहूचा किनारा आणि त्याच्या उत्तरेस, मालाडच्या खाडीच्या मुखाशी, वेसावे हे कोळ्यांचे जुने गाव आहे. तेथे वलांडींवर जबड्यात जबडा अडकवून वाळत टाकलेल्या बोंबलांच्या जोड्या दृष्टीस पडतात. परंतु हा मासा याच किनाऱ्यावर इतका विपुल का, हा प्रश्न सामान्यतः कोणी विचारीत नाही. सागरी जीवशास्त्राने त्याचे जे उत्तर शोधले, ते केवळ एका माशापुरते मर्यादित नाही.

बोंबलाचे शास्त्रीय वर्णन हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात केले. मुंबईची ओळख बनलेल्या माशाला शास्त्रीय नाव मिळाले ते गंगेच्या मुखाकडील नमुन्यांवरून, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. सौराष्ट्रापासून रत्नागिरीपर्यंत हा मासा मुबलक सापडतो. त्याच्या दक्षिणेस तो विरळ होत जातो, आणि पुढे बंगाल-ओरिसाकडील समुद्रात पुन्हा भेटतो. गाळाने गढूळलेले उथळ पाणी, नद्या व खाड्या यांचे सान्निध्य आणि भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह ही या दोन्ही प्रदेशांची समान लक्षणे होत.

मुंबईजवळ उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी चार ते पाच मीटरांनी चढते-उतरते, आणि सुमारे सव्वासहा तासांनी प्रवाहाची दिशा पालटते. या प्रवाहाचाच उपयोग डोल या जाळ्यात केलेला असतो. डोल हे शंकूच्या आकाराचे, पिशवीसारखे जाळे होय. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना ते बांधतात आणि त्याचे तोंड प्रवाहाच्या समोर ठेवतात. जाळे माशाच्या मागे जात नाही; प्रवाहच मासा त्यात आणून सोडतो. जाळ्याच्या अखेरच्या, बारीक आसांच्या भागास ‘खोला’ म्हणतात. उधाणात प्रवाह प्रबळ असल्याने डोल चांगली चालते. भांगाच्या दिवसांत ती मंदावते. कोळ्यांचे कामाचे वेळापत्रक म्हणूनच तिथींवर चालते.

एस. व्ही. बापट, एस. के. बॅनर्जी आणि डी. व्ही. बाळ यांनी १९५१ साली बोंबलाच्या जीवनक्रमासंबंधीची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे बापट यांचा या माशावरील प्रबंध केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० साली प्रकाशित केला. बोंबील हा खादाड शिकारी मासा असून जवळा हे त्याचे एक प्रमुख भक्ष्य आहे, तसेच तो स्वजातीयांनाही गिळतो, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले. म्हणजे एकाच खोल्यात भक्षक, त्याचे भक्ष्य आणि त्याचीच पिले एकत्र येतात. खोला उपसणे म्हणजे त्या घटकेच्या समुद्राचा एक छेद घेणेच होय.

तथापि हा छेद निर्दोष मानता येत नाही. खोल्यात कोंडलेला बोंबील शेजारचा जवळा तेथेच गिळण्याचा संभव असतो. म्हणून जठरातील ताजे अन्न हा त्याच्या नैसर्गिक आहाराचा निर्विवाद पुरावा ठरत नाही. तसेच उधाणातील आणि भांगातील मासळीची तुलना केल्यास प्रवाहातील फरक हाच माशांच्या संख्येतील फरक वाटू लागतो. समान तिथी, समान आस आणि समान स्थळ पाहूनच तुलना करावी लागते. पकड वाढली म्हणजे मासा वाढला, असे अनुमान त्यामुळे सदोष ठरते. पकडीत लहान, अप्रौढ माशांचे प्रमाण किती, हा अधिक मूलगामी प्रश्न होय.

या प्रश्नाला आज व्यावहारिक महत्त्व आले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींसाठी पकडीचे किमान आकारमान ठरवून दिले. पिलांना प्रजननाची संधी मिळावी, हा त्यामागील हेतू निःसंशय योग्य आहे. परंतु डोल निवड करू शकत नाही, आणि उपसलेला नाजूक बोंबील परत सोडला तरी जगेल, अशी आशा करता येत नाही. म्हणून निवड जाळे वर येण्यापूर्वी, म्हणजे आसाच्या आकारातच व्हावयास हवी. पण खोल्याची आस मोठी केली की जवळा निसटतो, आणि जवळा हे बोंबलाचे अन्न असले तरी कोळ्याच्या उत्पन्नाचेही एक साधन आहे.

अर्थात बोंबलाच्या रक्षणाचा प्रश्न एकट्या बोंबलाचा राहत नाही. पिले कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या खोलीवर अधिक असतात हे निश्चित करून त्या वेळी व त्या ठिकाणी डोल आवरती घेणे, हा मार्ग एकसरसकट नियमापेक्षा अधिक सयुक्तिक दिसतो. त्यासाठी संशोधकाची नोंदवही आणि वेसाव्याच्या कोळ्याची तिथींची गणना ही दोन्ही एकत्र वाचली जाणे अगत्याचे आहे.