‘राजद्रोह’ गेला, फास राहिला!

इंग्रजांचे १८७० सालचे राजद्रोहाचे कलम १२४-अ १ जुलै २०२४ रोजी संपले, असा डांगोरा पिटला जातो. मग भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ काय आहे? जन्मठेपेला पर्याय असलेली तीन वर्षांपर्यंतची कैद तिथे सात वर्षांपर्यंत झाली. ‘विध्वंसक कारवाया’ म्हणजे काय, याची व्याख्याच नाही! उद्या वस्तीतल्या शाहिराचे गाणेही त्यात बसवतील. निर्दोष सुटेपर्यंत त्याचे घर उद्ध्वस्त. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत बंधने वाढली. पण ती ‘वाजवी’च हवीत, ही अटही बाबासाहेब कायदामंत्री असतानाच आली. हिंसेला वा अशांततेला चिथावणी नसेल तर सरकारवरची टीका राजद्रोह नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालात बजावले. तीच कसोटी कलमात लिहा, ही मागणी चळवळीने लावून धरावी. पोलिसांच्या मर्जीवर आपण आपला आवाज सोडणार काय?