चौसष्टपैकी सत्तावन्न

सकाळी सव्वानऊला कार्यालयात शिपाईमामा आणि मी, दोघंच असतो. मामा मेन स्विच वर करतात, दोन्ही मजल्यांवरचे यूपीएस एकेक करून बीप देतात आणि मी सर्व्हरसमोर बसून यादी उघडतो. एका सहकारी संस्थेचं हे मुख्य कार्यालय. यादीत कॉम्प्युटर चौसष्ट. सगळ्यांवर लिब्रेऑफिस चढवायचं होतं, तेही पेनड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलांशी न फिरता.

ही सोय विंडोज २००० पासून आहे. सॉफ्टवेअरची एमएसआय फाइल सर्व्हरवरच्या एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची आणि ग्रुप पॉलिसीत लिहायचं की हे अमुक मशिनांवर चढव. मशीन सुरू होताना, कुणी लॉगिन करण्याआधीच, ते सर्व्हरकडे जातं, फाइल आणतं आणि चढवून घेतं. कागदावर इतकं सोपं.

पहिल्या दिवशी चौसष्टपैकी एकावरही चढलं नाही. ही चूक निखळ माझी. फोल्डर मी माझ्या लॉगिनने उघडून पाहिलं होतं आणि उघडतंय म्हणून निर्धास्त झालो होतो. पण सकाळी फाइल मागायला मी जात नाही, मशीन जातं, आणि डोमेनमध्ये प्रत्येक मशिनाचं स्वतःचं खातं असतं, पासवर्डसकट. वाचायची परवानगी मी माणसांना दिली होती, मशिनांना दिलीच नव्हती. लॉगमध्ये एरर १६१२, म्हणजे फाइल ठेवलेली जागा सापडत नाही. परवानगीच्या यादीत ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ घातलं आणि दुसऱ्या दिवशी सत्तावन्न मशिनांवर काम फत्ते.

सत्तावन्न हा आकडा साहेबांना पुरेसा वाटला. मला मात्र उरलेली सात डोळ्यांत खुपायला लागली.

त्यांतली तीन वसुली विभागातली, एकाच लॉटमध्ये आलेली नवीकोरी. तिथल्या मॅडमना म्हटलं, रात्री बंद करून सकाळी चालू केलंत ना? त्या तडकल्याच. “अहो, रोज संध्याकाळी बंद करूनच जाते मी. बटणं बंद केल्याशिवाय पर्स उचलत नाही.” मी टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्सच्या पानावर खाली ‘अप टाइम’ असतो, म्हणजे मशीन किती वेळ अखंड चालू आहे तो. तेवीस दिवस, चार तास. मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोटं कुणीच बोलत नव्हतं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा बंद होतच नाही. तो डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुढे सुरू होतो. वायर काढली तरी फरक पडत नाही. मशिनाच्या लेखी ही नवी सुरुवात नसतेच, मग सुरुवातीला करायची कामं ते कशाला करेल? खरी सुरुवात होते ती रीस्टार्टने. बाकीच्या मशिनांवरची विंडोज मी घातलेली, त्यांत ही सोय बंद होती. ही तीन मात्र दुकानदाराने दिली तशीच मांडली गेली होती. रीस्टार्ट दाबलं, पडद्यावर सॉफ्टवेअर चढत असल्याची ओळ आली आणि मॅडमनी चहा मागवला.

चौथ्या मशिनाने दोन दिवस खाल्ले. लेखा विभागातलं जुनं डबडं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये गेल्या चोवीस तासांचं फिल्टर लावलं, तर ना चूक, ना यश. सुरू होतानाच्या नोंदीच नाहीत. दहा मिनिटांनंतरच्या मात्र सगळ्या आहेत. शेवटी वैतागून फिल्टर काढलं, आणि सकाळच्या नोंदी सापडल्या १ जानेवारी २०१२ या तारखेखाली. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेली होती. संध्याकाळी मामा मेन स्विच पाडतात, वीज गेली की मशीन तारीख विसरतं आणि सकाळी २०१२ सालात जागं होतं. डोमेनमध्ये ओळख पटवताना दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांपर्यंतच फरक चालतो. इथे वर्षांचा होता. पॉलिसी अडली, आणि लॉगने कारणही चोख लिहून ठेवलं होतं की घड्याळं जुळत नाहीत. थोड्या वेळाने विंडोज सर्व्हरकडून वेळ घेऊन घड्याळ नीट करायचं. त्यामुळे मी अकराला जाऊन बसलो की कोपऱ्यातली वेळ बिनचूक. चोर पोलीस यायच्या आत घरी जाऊन झोपलेला. झाकण उघडून सीआर २०३२ काढली. तीन व्होल्टची बॅटरी मीटरवर एक व्होल्टही दाखवेना. नवी समोरच्या घड्याळवाल्याकडेच मिळाली.

पाचवं सगळ्यांत वेगवान. महिन्यापूर्वीच त्यात एसएसडी घातली होती, आणि तेच नडलं. आमच्या स्विचमध्ये एखाद्या पोर्टवर मशीन जागं झालं की केबलींचं वर्तुळ तर झालं नाही ना हे तपासण्यात पंधरा अधिक पंधरा अशी तीस सेकंदं जातात. जुन्या हार्ड डिस्कवाली मशिनं तेवढ्यात डोळेच चोळत असतात. हे मात्र नेटवर्क मिळण्याआधीच लॉगिनच्या पडद्यावर हजर. त्या पोर्टला स्विचमध्ये सांगितलं की इथे साधा पीसीच आहे, थांबू नकोस. सहाव्यात कुणीतरी ‘नेट फास्ट होतं’ म्हणून डीएनएसच्या जागी हाताने गूगलचे चार आठ लिहिले होते. बाहेरच्या गूगलला आमचा सर्व्हर कुठल्या मजल्यावर आहे हे कुठून माहीत असणार! तेही झालं.

मधल्या काळात साहेब रोज विचारायचे, “सगळीकडे एकदम पाठवतोस ना, मग एकेका टेबलाशी का बसलेला दिसतोस?” याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. सर्व्हरवरून एवढंच कळतं की मशिनाने काही कळवलं नाही. का, ते कळायला त्या खुर्चीत बसावं लागतं, आणि शक्य तर मशीन सुरू होतानाच.

सातवं मशीन सापडेना. यादीत नाव, खातं चालू, पण पिंगला उत्तर नाही. दोन्ही मजले फिरलो, टेबलांखाली वाकून स्टिकर वाचले. शेवटी मामांना नंबर सांगितला. ते काही न बोलता मला रेकॉर्ड रूममध्ये घेऊन गेले. कोपऱ्यात जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यांखाली कॅबिनेट, वर धुळीत माझ्याच अक्षरातलं स्टिकर. दोन वर्षांपूर्वी बंद पडलं तेव्हा मीच उचलून ठेवलं होतं, आणि खातं काढायचं राहून गेलं.

“घालवून टाकू का हे?” मी विचारलं.

“निर्लेखनाचा ठराव व्हायचाय अजून,” मामा म्हणाले. “हात लावू नका.”

वर येऊन मी त्याचं खातं बंद केलं. यादीत त्रेसष्ट राहिले. जडवस्तू रजिस्टरमध्ये अजून चौसष्टच आहेत.