चष्म्याचा नंबर आणि झाडाची सावली

मूल फळ्याकडे डोळे बारीक करून बघू लागलं, टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसू लागलं, की घरात पहिलं खापर मोबाइलवर फुटतं. जवळचं काम अति झालं तर ते बाधतंच. पण दिवसाउजेडी मूल उघड्यावर किती वेळ असतं, हे कुणी फारसं विचारत नाही.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिडनी आणि सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना होती. सिंगापुरात शंभरातल्या २९ मुलांना लांबचं धूसर दिसत होतं, सिडनीत जेमतेम तिघांना. आईवडिलांना चष्मा असण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. सिडनीची मुलं तर आठवड्याला पुस्तकंही जास्त वाचत होती! मात्र ती आठवड्यातले सुमारे १४ तास घराबाहेर असत; सिंगापूरची मुलं तीन तास.

असं का होतं? जन्मतः डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो, मोठेपणी २४च्या आसपास. भरपूर उजेड मिळाला की डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि ते या लांबण्याला लगाम घालतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं. डोळा गरजेपेक्षा लांबला की प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. चष्म्याने दिसायला लागतं, पण लांबलेला डोळा आखूड होत नाही, आणि नंबर फार वाढला तर पुढे पडदा सुटण्याचा धोका वाढतो.

वर्गात ट्यूबलाइट लावूनही उजेड भरतो ३०० ते ५०० लक्स. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो काही हजारांवर जातो. म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात पोरांना उन्हात तापवायचं कारण नाही. सकाळी कडुनिंबाखाली बसवलं तरी चालेल. बंद हॉलमधल्या बॅडमिंटनचा मात्र डोळ्यांना हा फायदा मिळत नाही.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास बाहेर दिला. तीन वर्षांत त्या शाळांमध्ये सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली, म्हणजे लांबचं धूसर दिसू लागलं, इतर शाळांमध्ये जवळजवळ ४० टक्के. पुरता तासभरही नाही, तरी शंभरातल्या नऊ मुलांचे डोळे तेवढ्या काळापुरते वाचले.

आपल्याकडे पोर्शन राहिला की पहिला बळी पीटीच्या तासाचा जातो, याची मला खरोखर चीड येते. खरं तर उघड्यावर शिकवणं आपल्याला नवं नाही: कोसबाडला शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली होती. मग पाढे, गोष्ट, चित्रकला यांतला एखादा तास रोज अंगणात घ्यायला काय हरकत आहे? बाहेरच्या उजेडाचा खरा उपयोग नंबर लागण्याआधी होतो, लागल्यावर फार कमी. म्हणून मूल रोज किती वेळ उघड्यावर असतं, हा प्रश्न पहिली-दुसरीच्या पालकसभेतच विचारायला हवा.