हेल्थ व्हिजिटर घरी येते, तेव्हा काय सांगावे?

इंग्लंडमध्ये बाळ जन्मल्यानंतर १० ते १४ दिवसांच्या सुमारास हेल्थ व्हिजिटर घरी येते. भारतातून नव्याने आलेल्या कुटुंबांना ही सरकारी चौकशी वाटू शकते. मग घर आवरले जाते, चहा ठेवला जातो आणि प्रत्येक प्रश्नाला 'सगळे ठीक आहे' असे उत्तर मिळते. वास्तविक जे ठीक नाही ते सांगता यावे, यासाठीच ही भेट असते.

हेल्थ व्हिजिटर ही सार्वजनिक आरोग्याचे विशेष प्रशिक्षण घेतलेली नोंदणीकृत परिचारिका किंवा मिडवाइफ असते. ऑक्टोबर २०१५ पासून या मोफत सेवेची जबाबदारी स्थानिक कौन्सिलकडे आहे. प्रत्येक कुटुंबासाठी पाच टप्पे ठरलेले आहेत: गरोदरपणाच्या २८व्या आठवड्यानंतर, जन्मानंतर १० ते १४ दिवसांत, ६ ते ८ आठवड्यांनी, ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि २ ते अडीच वर्षांच्या वयात. मनुष्यबळाच्या टंचाईमुळे भेट लांबली, तर स्वतःहून विचारणा करावी.

घरी जाऊन बाळ-बाळंतिणीची विचारपूस करण्याची ही पद्धत महाराष्ट्राला परकी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे आशाताईंच्या गृहभेटींना त्याचाच आधार मिळाला.

भारतीय कुटुंबांनी दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पहिली बीसीजी लसीची. भारतात ती जन्मतःच दिली जाते. ब्रिटनमध्ये ती सरसकट मिळत नाही. मात्र आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी भारतासारख्या, क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशात जन्मले असल्यास बाळाला ती देऊ केली जाते. इंग्लंडमध्ये ती साधारणपणे २८ दिवसांनंतर देतात. दुसरी गोष्ट 'ड' जीवनसत्त्वाची. अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅमचे थेंब द्यावेत, अशी शिफारस आहे.

सर्वांत अवघड प्रश्न आईच्या मनाविषयीचे असतात. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली एडिनबरा प्रश्नावली दहाच प्रश्नांची आहे; पण सासूबाई शेजारी बसल्या असताना त्यांची खरी उत्तरे देणे कठीण. अशा वेळी 'मला एकटीने बोलायचे आहे' असे सांगता येते. इंग्रजीत मन मोकळे होत नसेल, तर मराठी दुभाषी मागता येतो. ते काम नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी करू नये. नैराश्य सांगितले तर बाळ काढून घेतील, अशी भीती अनेकींना वाटते. केवळ त्या कारणाने तसे होत नाही. उलट उपचारांची वाट मोकळी होते.

हे मौन महाग पडू शकते. ब्रिटनमध्ये प्रसूतीनंतरच्या सहा आठवडे ते एक वर्ष या काळात मातामृत्यूंचे प्रमुख कारण आत्महत्या हे आहे. मनाची स्थिती फार बिघडल्यास इंग्लंडमध्ये १११ क्रमांकावर पर्याय २ निवडावा. जिवाला धोका वाटल्यास ९९९ वर फोन करावा.

सव्वा महिन्यात बाळंतिणीभोवती माणसे असतात. नवऱ्याची रजा संपते, व्हिजिटर व्हिसावर आलेली आई सहा महिन्यांच्या आत परतते आणि एकटेपण त्यानंतर सुरू होते. म्हणून आजीच्या परतीची तारीख हेल्थ व्हिजिटरला आधीच सांगून ठेवावी आणि त्यानंतरच्या आठवड्यात तिला भेटीसाठी बोलवावे.