ओढणी बांधून ३,०७० गुण

गुंजवण्याला बाहेरचे लोक येतात ते राजगड चढायला. पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूरला वळायचं, मार्गासनी, साखर करत गडाच्या पायथ्याला पोहोचायचं आणि चोरदरवाजाच्या वाटेने पद्मावती माची गाठायची. आम्ही मात्र गेलो होतो एका ओळखीच्या घरी जेवायला. जेवणं आटोपल्यावर विषय निघाला तो घरच्या मुलीचा. गावात असताना तिला कबड्डी आणि खो-खो एवढंच ठाऊक. पुण्याला कॉलेजात गेली, वसतिगृहात राहिली आणि पहिल्याच वर्षी बास्केटबॉल हातात आला. आता कॉलेजच्या संघात तिची निवड झाली आहे आणि घरात तीन प्रश्न उभे आहेत. अब्बांचा प्रश्न कपड्यांचा : ओढणी, पूर्ण बाह्या हे सगळं सांभाळून खेळू देतात का? अम्मीचा प्रश्न दुखापतीचा. पाय अधू झाला तर उद्या पाहायला येणाऱ्यांना काय सांगायचं? आणि चाचांचा प्रश्न सगळ्यांत आखूड : पुढे काय?

तिघांचेही प्रश्न रास्त आहेत, असं आमचं मत. ‘खेळू द्या हो तिला’ असं म्हणून ते उडवून लावणं सोपं असतं, कारण म्हणणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. म्हणून या महिन्यात अशा एका मुलीची हकीकत सांगतो, जिच्या घरी हेच तिन्ही प्रश्न आले.

तिचं नाव बिल्किस अब्दुल-कादिर. जन्म १९९०चा, गाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफिल्ड. बास्केटबॉलच्या हकीकतीत स्प्रिंगफिल्ड हे साधंसुधं गाव नाही. १८९१च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने थंडीत घरात कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी तिथेच हा खेळ शोधून काढला. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा होता दहा फुटांवर. आज जगभर रिंग दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते, ती त्या कठड्यामुळे. दुसरी एक गोष्ट आपल्या वाचक भगिनींना आवडेल. जवळच्याच नॉर्थॅम्प्टनमधल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ मुलींना शिकवला आणि १८९३मध्ये तिथे मुलींचा सामना झाला. पुरुषांना आत प्रवेश नव्हता. पडद्याची चर्चा या खेळात आपणच आणली, असं कुणी समजू नये.

तर बिल्किस. उंची साडेपाच फुटांहून कमी. या खेळात ही उंची म्हणजे जवळपास नापासाची चिठ्ठी. पण चेंडू पुढे नेणारा, कुणाला कधी द्यायचा हे ठरवणारा जो गार्ड असतो, त्याचं काम उंचीपेक्षा नजरेवर आणि पायांच्या चपळाईवर चालतं. तिने तेच काम घेतलं. वयात आल्यावर ती डोकं झाकू लागली आणि मैदानातही तशीच उतरली : डोक्याला घट्ट ओढणी, गणवेशाच्या आत पूर्ण बाह्यांचा सदरा, पायांत पूर्ण लांबीची विजार. ११ सप्टेंबर २००१ नंतरची ती वर्षं. प्रेक्षकांतून तिला शिव्याही ऐकाव्या लागल्या. २००९मध्ये ती न्यू लीडरशिप चार्टर स्कूलमधून बाहेर पडली, तेव्हा तिच्या नावावर ३,०७० गुण होते. राज्यात आधीचा विक्रम होता रिबेका लोबोचा, २,७१० गुणांचा. ही लोबो म्हणजे १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघातली खेळाडू. त्याच वर्षी १ सप्टेंबरला व्हाइट हाउसमधल्या इफ्तारला राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी बिल्किसचं नाव घेऊन तिच्या विक्रमाचा उल्लेख केला.

आणि मग अम्मीचा प्रश्न आला. मेम्फिस युनिव्हर्सिटीने तिला शिष्यवृत्ती दिली, पण गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि पहिला मोसम पुरता बाहेर बसून गेला. ही दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते, हे आयांनी ऐकून ठेवावं. उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो आणि तिथे घात होतो. उतरताना गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर कसं यायचं हे शिकवता येतं, मांड्यांची ताकद वाढवता येते, आणि असा सराव नियमाने केला तर धोका कमी होतो. तेव्हा कॉलेजच्या प्रशिक्षकांना ‘मुलगी पडणार नाही ना?’ असं विचारण्यापेक्षा ‘उतरायला शिकवता का, आणि रोज किती वेळ?’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला कुणीही ‘नाही नाही’ म्हणतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला माणसाला काम करावं लागतं.

२०१०च्या मोसमात ती परत आली. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात डोकं झाकून खेळणारी ती पहिली मुलगी ठरली. पदवी मेम्फिसमध्ये पुरी केली आणि खेळण्याचा उरलेला एक मोसम इंडियाना स्टेट युनिव्हर्सिटीकडून खेळली. (जाता जाता : तिच्या त्या वर्षांत रमजान जुलै-ऑगस्टात येई आणि सामने नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, म्हणून रोजे आणि सामने यांची गाठ पडत नसे. आपल्याकडे सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतो, परीक्षाही तेव्हाच. त्याचा विचार घरात आधी झालेला बरा.)

इथवर सगळं चढतं होतं. २०१४ला कॉलेज संपलं, युरोपात व्यावसायिक संघांकडून खेळायचं तिने ठरवलं, आणि तेव्हा कळलं की फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात डोक्यावर काही घालून खेळायला बंदी आहे. कारण दिलं होतं दुखापतीचं. ज्या मुलीने शाळा आणि कॉलेज मिळून इतकी वर्षं त्याच कपड्यांत काढली, तिला हे कारण पटणार कसं? आम्हालाही पटत नाही. त्या दिवसांत हिजाब काढून टाकावा का, हा विचार आपल्या मनात आला होता, हे तिने पुढे उघडपणे सांगितलं. तिचं हे सांगणं आम्हाला विक्रमाइतकंच मोठं वाटतं. असा विचार मनात येणं हे आपल्याकडे मुली आईलाही सांगत नाहीत. तिने हिजाब ठेवला आणि व्यावसायिक खेळ सोडला.

ही अडचण एकट्या मुसलमान मुलींची नव्हती. २०१४च्या जुलैत चीनमधल्या वुहानला आशियाई स्पर्धेत भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगडी उतरवायला लावली गेली. (त्याच स्पर्धेत भारताने यजमान चीनला हरवलं, हेही लक्षात असू द्या.) सप्टेंबरात इंचॉनच्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींनी हिजाब काढायला नकार दिला आणि मंगोलियाविरुद्धचा सामना सोडून दिला. बिल्किस, बोस्नियन वंशाची इंदिरा काल्यो आणि इतर अनेकींनी सह्यांच्या मोहिमा चालवल्या. शेवटी मे २०१७मध्ये फिबाने नियम बदलला आणि १ ऑक्टोबर २०१७पासून डोकं झाकून खेळायला परवानगी मिळाली. बिल्किसला त्याचा उपयोग झाला नाही. मधली तीन वर्षं हातातून गेली होती, आणि खेळाडूच्या आयुष्यात ती फार असतात.

मग चाचांच्या ‘पुढे काय?’चं उत्तर काय? व्यावसायिक खेळाडू ती झाली नाही. पण शिष्यवृत्तीने शिक्षण झालं, मेम्फिसमधल्या एका इस्लामी शाळेत खेळांची जबाबदारी मिळाली, पुढे कॅनडात मुलींना शिकवण्याचं काम तिने उभं केलं. आपल्याकडेही मोठी स्वप्नं विकू नयेत. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे खरं, पण त्यासाठी वरच्या स्पर्धांतली ठरावीक कामगिरी लागते. कॉलेजच्या संघात नाव असणं पुरत नाही. रेल्वेचे संघ आहेत, तिथेही जागा थोड्या. पुण्याचीच शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली, पण अशी एखादीच. तरी मुंबईच्या नागपाड्याकडे पाहा. त्या मोहल्ल्यात बास्केटबॉलचं मैदान होतं, बच्चू खान यांच्यासारखे शिकवणारे होते, म्हणून तिथल्या गल्ल्यांतून अब्बास मुंतसीर भारताचे कर्णधार झाले आणि १९७०मध्ये अर्जुन पुरस्कार घेऊन आले. तिथल्या मुलांच्या आयांनीही ‘पुढे काय?’ विचारलंच असेल.

राहिला अब्बांचा प्रश्न, कपड्यांचा. नियम आता असा आहे : डोक्यावरचं आवरण चालतं, चेहरा झाकलेला नको, चेहऱ्याभोवती किंवा गळ्याशी उघडझाप करणारं काही नको, बाहेर आलेलं काही नको. म्हणजे टाचणी, पिन, ब्रोच, लोंबता पदर हे सगळं घरी. डोक्यातून ओढून घालायचं ताणणारं कापड घ्यावं. रंगाचंही बंधन आहे, आणि तो संघातल्या सगळ्यांशी जुळावा लागतो. आतल्या बाह्यांचंही तसंच. त्यामुळे एकीने लाल आणि दुसरीने काळा घातला तर पंच हरकत घेऊ शकतो. म्हणून गणवेश शिवायला टाकण्याआधी क्रीडा शिक्षकांना भेटावं, सामन्याच्या दिवशी नव्हे. नियमाची छापील प्रत मुलीच्या बॅगेत ठेवावी. काही पंचांना २०१७ आधीचाच नियम पाठ असतो. अशा वेळी मुलीने वाद घालू नये. कर्णधाराने किंवा प्रशिक्षकाने कागद पुढे करावा आणि सामना वेळेवर सुरू व्हावा.

अब्बांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सरावावरून वसतिगृहात परतायला किती वाजतात? मुलगी म्हणाली, साडेसात. त्यावर पुष्कळ वेळ बोलणं झालं. सोबत कोण असतं, रस्त्यावर दिवे आहेत का, मगरिबची नमाज कुठे पढायची. ठरलं ते असं, की पुढच्या सोमवारी अम्मी स्वतः पुण्याला जाऊन एक दिवसाचा सराव बघणार.