बसची बॉडी, रेल्वेची चाकं! ही गाडी भंगारात का नाही गेली?

एसटीची बॉडी उचलून रेल्वेच्या चाकांवर ठेवली तर? ब्रिटनमध्ये १९७८ साली जवळपास तसंच केलं गेलं.

कारण होतं पैसा. आडवळणाच्या ग्रामीण मार्गांवर प्रवासी कमी, जुन्या डिझेल गाड्या थकलेल्या आणि नव्या घ्यायच्या तर महाग. मग ब्रिटिश रेल्वे आणि लेलँड कंपनीने 'लेलँड नॅशनल' बसचे भाग जोडून डबा बनवला. खाली मालडब्यासारखा चार चाकांचा सांगाडा बसवला. नाव ठेवलं 'एलईव्ही-१'.

याच प्रयोगातून पुढे 'पेसर' गाड्या आल्या. त्या हादरे द्यायच्या, वळणावर चाकं किंचाळायची, लोक वैतागायचे. तरी त्या २०२०-२१ पर्यंत धावल्या. स्वस्त गाडी मिळाली म्हणून अनेक छोटे मार्ग तगले, असं मानलं जातं.

आज 'एलईव्ही-१' ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहात आहे. पण अशी गाडी जपणं सोपं नाही. बसची बॉडी पातळ. सांध्यांतून पाणी शिरलं की गंज धरतो. त्यात लेलँड नॅशनल बसचं उत्पादन १९८५ मध्येच थांबलं. म्हणजे बसचा सुटा भाग हवा, तर जुन्या बसच शोधायच्या, नाहीतर तो नव्याने घडवून घ्यायचा.

एवढा खटाटोप कशाला? गाडी देखणी नाही, वेगवानही नाही. पण कमी पैशांत गावाची रेल्वे चालू ठेवण्याची ती धडपड होती. शकुंतलेची वाट पाहणाऱ्या आपल्या विदर्भाला हे वेगळं सांगायला नको.